अब्दुल कोणाचा?

जून महिना उजाडला की आम्हा उर्दू शाळेतल्या शिक्षकांना दोन याद्या कराव्या लागतात. एक उर्दू हजेरी, वर्गात पुकारण्यासाठी. दुसरी मराठी-इंग्रजी यादी, कार्यालयासाठी आणि संगणकात भरण्यासाठी. उर्दू हजेरीत प्रत्येक मुलाला त्याचे स्वतःचे नाव असते. दुसऱ्या यादीत मात्र माझ्या वर्गातली पाच मुले एकाच नावाची होऊन जातात. अब्दुल, अब्दुल, अब्दुल, अब्दुल, अब्दुल. आणि खरे सांगायचे तर उर्दू हजेरी हातात असतानाही मी कित्येक वर्षे 'अब्दुल आर.', 'अब्दुल के.', 'अब्दुल एस.' असेच पुकारत आले. मुले 'हाजिर' म्हणत आली. कोणाचीच तक्रार नव्हती.

एकदा ऑफ तासाला मी सहज मुलांना आपापल्या नावाचा अर्थ विचारला. बशीर म्हणजे खुशखबर देणारा, अमीन म्हणजे विश्वासू, अशी उत्तरे भराभर येत गेली. पाच अब्दुलांपैकी एकाची पाळी आली. तो उभा राहिला, थोडा अडखळला आणि म्हणाला, "टीचर, अब्दुल म्हणजे... अब्दुलच ना?" वर्ग हसला. मला हसू आले नाही. कारण त्या मुलाचे उत्तर चूक नव्हते. 'अब्दुल' एवढ्याच शब्दाला खरोखर अर्थ नाही. ते नाव नव्हेच, एका नावाचा मोडलेला तुकडा आहे.

हा तुकडा कोणी मोडला, हा या लेखाचा प्रश्न आहे. सुरुवातीलाच सांगून टाकते की, मोडणाऱ्यांच्या यादीत पहिला नंबर आपलाच आहे.

आधी शब्दाकडे पाहू. अरबीत ऐन, बे, दाल या तीन अक्षरांचा एक धातू आहे. त्यातून इबादत आली, आबिद आला, माबूद आला आणि 'अब्द'ही आला. अब्द म्हणजे दास, गुलाम, बंदा. या 'अब्द'ला अरबी व्याकरणाप्रमाणे प्रथमेचा 'उ' लागतो आणि 'अब्दु' होते. मग शेवटचा 'ल' कुठला? तो अब्दचा नाहीच. तो पुढच्या शब्दाचा आहे. 'अल्-करीम', 'अल्-कादिर', 'अल्-गफूर' यांतल्या 'अल्'चा तो 'ल'. अब्दु आणि अल्-करीम मिळून अब्दुल्करीम, म्हणजे करीमचा, त्या परम उदाराचा दास. तेव्हा नुसते 'अब्दुल' म्हणणे म्हणजे दास शब्दाला शेजारच्या शब्दाचे एक अक्षर चिकटवायचे आणि बाकीचा शब्द फेकून द्यायचा. 'रामदास' या नावातला 'रा' उडवून त्या माणसाला कोणी 'मदास' अशी हाक मारली तर आपण त्याला वेडा म्हणू. अब्दुलच्या बाबतीत आपण सगळेच हा वेडेपणा रोज करतो आणि कोणाला काही वाटत नाही.

गंमत पुढेच आहे. अरबी वर्णमालेत अठ्ठावीस अक्षरे. त्यांतली चौदा हुरूफे शम्सी आणि चौदा हुरूफे कमरी. पुढचा शब्द शम्सी अक्षराने सुरू होत असेल तर 'अल्'मधला 'ल' उच्चारात राहत नाही, तो पुढच्या अक्षरात मिसळून जातो. म्हणून अब्दुर्रहमान, अब्दुर्रज्जाक, अब्दुस्सलाम, अब्दुस्सत्तार, अब्दुश्शकूर. या नावांत 'अब्दुल' उच्चारायला सापडतच नाही! मराठी वाचकाला हे नवीन वाटायचे कारण नाही. तत् आणि लीन मिळून तल्लीन होते, सत् आणि जन मिळून सज्जन होते, जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ होतो. हा संधीचा नियम आम्ही शाळेत शिकतो आणि शिकवतो. देवनागरीला रफार आहे, जोडाक्षरे आहेत. 'अब्दुर्रहमान' हे नाव ती जसेच्या तसे लिहू शकते. उर्दूतही ते जोडूनच लिहिले जाते. तरीही दाखल्यावर आपण लिहितो 'अब्दुल', मग एक जागा सोडतो, मग 'रहमान'. त्या एका सोडलेल्या जागेत सगळा घोटाळा आहे.

आता या नावाचा इतिहास. पुष्कळांची समजूत अशी की, 'अब्द'ची नावे इस्लामबरोबर आली. तसे नाही. अमुक देवाचा दास अशी नावे ठेवण्याची चाल सगळ्या सामी भाषांत फार जुनी आहे. फिनिशियन लोकांत अब्दमेलकार्त, अब्देश्मून अशी नावे होती, त्यांच्या देवांवरून. मराठी बायबलमधला 'ओबद्या' हा त्याच धातूचा, देवाचा दास. इस्लामपूर्व मक्केत अब्दे मनाफ होते, अब्दे शम्स म्हणजे सूर्याचा दास होते, अब्दुल उज्जा होते. अबू लहबचे खरे नाव अब्दुल उज्जाच, उज्जा या देवीचा दास. तर पैगंबरांच्या (स.) वडिलांचे नाव अब्दुल्लाह.

पैगंबरांच्या (स.) आजोबांच्या नावाची कथा तर मी मुलांना मुद्दाम सांगते. त्यांचे मूळ नाव शैबा. ते लहानपणी आईजवळ यसरिबमध्ये, म्हणजे आजच्या मदिनेत वाढले. चुलते मुत्तलिब त्यांना मक्केला घेऊन आले. मुत्तलिबांबरोबर अनोळखी मुलगा पाहून लोकांना वाटले की, यांनी नवीन गुलाम आणला. ते त्याला 'अब्दुल मुत्तलिब' म्हणू लागले, मुत्तलिबचा गुलाम. मुत्तलिबांनी हा माझा पुतण्या आहे म्हणून सांगितले, तरी ते नाव चिकटले ते चिकटलेच. म्हणजे लोकांच्या गैरसमजातून माणसाला नाव कसे मिळते याचे उदाहरण खुद्द पैगंबरांच्या (स.) घरात आहे. पण त्यातही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मक्केच्या लोकांनी गैरसमजाने का होईना, कोणाचा गुलाम ते सांगितले. अर्धे नाव त्यांनीही ठेवले नाही.

इस्लामने या चालीत काय बदलले? अब्द तसाच ठेवला, मालक बदलला. सूर्याचा नाही, उज्जाचा नाही, काब्याचासुद्धा नाही, आणि माणसाचा तर नाहीच नाही. फक्त अल्लाहचा. हजरत अबू बक्र यांचे आधीचे नाव अब्दुल काबा होते, ते अब्दुल्लाह झाले, असे सांगतात. अब्दे अम्र अब्दुर्रहमान झाले. अल्लाहला सर्वांत प्रिय नावे अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे आणि ती आपल्याकडे अकीक्याच्या वेळी ऐकवतातही. पण ती ऐकवून झाल्यावर त्याच बाळाला आपण 'अब्दुल' म्हणून हाक मारतो!

हे अब्दे अम्र म्हणजेच हजरत अब्दुर्रहमान इब्ने औफ. मक्केतला मोठा सरदार उमैया इब्ने खलफ त्यांचा जुना मित्र. मुसलमान झाल्यावर मित्राने नाव बदलले हे उमैयाला रुचले नाही. रहमान कोण ते मला ठाऊक नाही, मी तुला जुन्याच नावाने हाक मारणार, असा त्याचा हट्ट. तो अब्दे अम्र म्हणून हाक मारी आणि हे उत्तर देत नसत. शेवटी तडजोड झाली. उमैया त्यांना 'अब्दुल इलाह' म्हणू लागला. 'इलाह' म्हणजे देव. वाचकहो, हा उमैया इस्लामचा कट्टर वैरी होता. पण त्यानेही आपल्या मित्राला नुसते 'अब्दुल' म्हटले नाही. ते काम आपण मुसलमानांनी केले.

आणि हा उमैया आणखी कोण होता? हजरत बिलाल यांचा मालक. भर दुपारच्या तापल्या वाळूत बिलालना उताणे पाडून छातीवर दगड ठेवणारा तोच. माणसाला आपला गुलाम समजणारा आणि 'रहमानचा गुलाम' हे शब्द तोंडातून काढायला तयार नसलेला माणूस एकच असावा, हा मला योगायोग वाटत नाही. एखादा माणूस रहमानचा झाला की, तो उमैयाचा उरत नाही, हे उमैयाला नेमके कळले होते. आपल्याला मात्र अजून कळलेले नाही.

या नावाचा खरा अर्थ इथे आहे. 'अब्द' या अर्ध्यात फक्त गुलामी आहे. प्रतिष्ठा सगळी दुसऱ्या अर्ध्यात आहे. अर्थ पुरा घेतला तर ती मुक्तीची सनद होते. मी ज्याचा आहे त्याचाच आहे, म्हणून तुमच्यापैकी कोणाचाही नाही. नमाजमध्ये प्रत्येक अत्तहियातला आपण पैगंबरांची (स.) साक्ष देतो, तेव्हाही आधी 'त्याचा बंदा' म्हणतो आणि मग 'त्याचा रसूल'. बंदा असणे ही कमीपणाची गोष्ट असती तर ती रसूल असण्याच्या आधी आली नसती.

ज्यांच्या घराण्याने प्रत्यक्ष गुलामी भोगली त्यांना हे लवकर समजले. अमेरिकेतला बास्केटबॉलचा थोर खेळाडू ल्यू अल्सिंडर याने 1971 मध्ये आपले नाव करीम अब्दुल-जब्बार केले. अल्सिंडर हे आपल्या पूर्वजांना गुलाम म्हणून बाळगणाऱ्या माणसाचे नाव आहे, असे त्याने सांगितले आहे. गुलामांच्या वंशजाने मालकाचे नाव टाकले आणि 'जब्बारचा दास' हे नाव घेतले. त्याच्या बनियनच्या पाठीवर हे नाव मध्ये आडवी रेघ देऊन जोडूनच छापलेले असे. अमेरिकेतल्या शिंप्याला जे जमले ते आपल्या शाळांच्या कार्यालयांना का जमू नये?

आता कार्यालयाकडेच येते. आपल्या राज्यातल्या बहुतेक फॉर्ममध्ये रकाने तीन. नाव, वडिलांचे नाव, आडनाव. समजा, इस्माईल शेख यांच्या मुलाचे नाव अब्दुर्रहमान आहे. फॉर्म भरणारा 'अब्दुल' पहिल्या रकान्यात टाकतो, 'रहमान' दुसऱ्यात आणि 'शेख' तिसऱ्यात. झाले. मुलगा अब्दुल, बाप रहमान. जिवंत बाप इस्माईल कागदावरून नाहीसा होतो. दुसरीकडे आधार कार्डावर आणखी कोणी 'अब्दुल रेहमान इस्माईल' लिहिलेले असते. बँकेच्या पुस्तकात 'अब्दुर' असते. मग शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात जमा होत नाहीत, कारण नावे जुळत नाहीत. ओबीसी दाखल्यासाठी बापाचे कागद जोडावेत तर बाप वेगळाच निघतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी रोजंदारी बुडवून एका कार्यालयाच्या सहा खेपा घातल्या. सातव्या खेपेला खिडकीतल्या साहेबांनी त्यांना सांगितले, "तुम्हा लोकांची नावेच अशी असतात." नावे अशी नसतात, साहेब. रकाने तसे असतात. आणि रकाना भरणारा बऱ्याचदा आमच्याच शाळेतला, आमच्याच समाजाचा माणूस असतो. त्याला अब्दुर्रहमान नीट लिहिता येते, पण तो लिहीत नाही.

1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने नावात आईचे नावही घालायचे ठरवले आहे. आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव, मग आडनाव. निर्णय चांगला आहे, आई म्हणून आणि शिक्षिका म्हणून मी त्याचे स्वागत करते. पण आपली सवय सुटली नाही तर दुसऱ्या रकान्यात जाऊन बसणारा 'रहमान' आता मुलाची आई होईल. हा विनोद नाही. ही पुढच्या वीस वर्षांतल्या अर्जांची, प्रतिज्ञापत्रांची आणि राजपत्रातल्या जाहिरातींची तयारी आहे. आसामात 31 ऑगस्ट 2019 रोजी नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली, तेव्हा एकोणीस लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली. एका कागदावरचे नाव दुसऱ्या कागदावरच्या नावाशी जुळत नाही, म्हणजे काय होऊ शकते, हे तिथल्या गरिबांनी पाहिले. ज्या काळात माणसाचे अस्तित्व कागदावर ठरते, त्या काळात नावातली एक सोडलेली जागा ही क्षुल्लक बाब राहत नाही.

कागदाचे नुकसान एकवेळ भरून निघेल. मनाचे नुकसान त्याहून मोठे आहे. अर्ध्या नावाचा माणूस लोकांच्या थट्टेला सोपा सापडतो. नाटकात, सिनेमात नोकर हवा, ड्रायव्हर हवा, मेकॅनिक हवा की 'अब्दुल' ठरलेला. अलीकडे समाजमाध्यमांवर तर 'पंक्चरवाला अब्दुल' आणि 'मेरा अब्दुल ऐसा नहीं है' ही कुचेष्टेची वाक्येच होऊन बसली आहेत. पंक्चर काढण्यात काही कमीपणा नाही. तो घामाचा पैसा आहे आणि माझ्या शाळेतल्या कित्येक मुलांची फी त्याच पैशातून येते. कमीपणा त्या नजरेत आहे, जिला लाखो माणसांत एकच चेहरा दिसतो आणि त्या चेहऱ्याला द्यायला एक अर्धे नाव पुरते. मालक सांगितला नाही तर गुलाम कोणाचाही होतो. अब्दुर्रज्जाक म्हटले की, तो अन्नदात्याचा बंदा. नुसते अब्दुल म्हटले की, तो चहा आणायला सांगणाऱ्या कोणाचाही बंदा.

हे मुद्दाम केले जाते, असा आरोप मी सर्वांवर करणार नाही, कारण उलट उदाहरणेही आपल्या महाराष्ट्रातच आहेत. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांना जाऊन 1937 पासून इतकी वर्षे झाली, पण त्यांचे नाव घेताना कोणताही मराठी रसिक 'अब्दुल' एवढ्यावर थांबत नाही. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले 1980 ते 1982 या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. निराधारांसाठी त्यांनी सुरू केलेली योजना खेड्यापाड्यांत माहीत आहे. 1965 च्या युद्धात रणगाड्यांशी लढून शहीद झालेले परमवीरचक्र विजेते अब्दुल हमीद पाठ्यपुस्तकात पूर्ण नावानेच भेटतात. इतकेच काय, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला वह्या-कागदांच्या खरेदीला जाणारा कोणीही 'अब्दुल रहमान स्ट्रीट' असे पुरे बोलतो. मान मिळालेल्या माणसाला पूर्ण नाव मिळते. रस्त्यालाही मिळते. नाही मिळत ते फक्त साध्या माणसाला आणि माझ्या वर्गातल्या मुलाला.

या अपमानावर आपल्या शिकलेल्या वर्गाने काय उपाय काढला आहे? त्याने अब्दुल हे नावच सोडून द्यायला सुरुवात केली आहे. नको ती कटकट, नोकरीच्या मुलाखतीत आधीच कपाळावर शिक्का नको, असे आई-बाप म्हणतात. त्यांची भीती खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. आपल्या लेकराला कोणते नाव द्यायचे हा त्यांचा हक्क आहे. पण मग ते बाजारातले नावांचे पुस्तक किंवा मोबाइल उघडतात आणि कानाला गोड लागेल ते उचलतात. अर्थ विचारला तर 'जन्नतचे फूल', 'चमकणारा', 'राजकुमार' असे काहीतरी सांगतात. तो शब्द अरबी आहे की फारसी, की कोणी आताच जुळवला, हे कोणी तपासत नाही. आणि अशा पुस्तकांत 'अब्दुल : सेवक' अशी नोंद बिनदिक्कत छापलेली असते! अर्धे नाव पूर्ण म्हणून विकणारी पुस्तके आपण पैसे देऊन घेतो. पळून जाण्याने थट्टा थांबत नाही. आज अब्दुल आहे, उद्या दुसरे नाव सापडेल.

दुसरी एक सवय घरातली आहे. अब्दुर्रहमानमधले 'अब्द' टाकून नुसते 'रहमान' म्हणायचे, अब्दुल्खालिकला 'खालिक' म्हणायचे. करीम, रहीम, अजीज हे शब्द माणसासाठी वापरले तर चालतात. कुरआनातच पैगंबरांसाठी (स.) रहीम शब्द आला आहे आणि मिसरच्या अधिकाऱ्यासाठी अजीज आला आहे. पण रहमान आणि खालिक ही नावे फक्त अल्लाहची, असे उलेमा वारंवार सांगत आले आहेत. म्हणजे बाहेरचे लोक मागचा अर्धा टाकून त्याला कोणाचाही गुलाम करतात आणि घरचे लोक पुढचा अर्धा टाकून त्याला खुदा करतात. मधला साधा बंदा कोणालाच नको आहे. लाडाने हाक मारायची तर अरबांसारखे 'अब्दू' म्हणा. ते निदान पुढच्या शब्दाचे अक्षर चोरत नाहीत.

यावर दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला आमच्या सुधारक मित्रांचा. एकविसाव्या शतकात 'गुलाम' या अर्थाच्या नावाचा अभिमान कसला? त्यांना मी इतिहास लपवून उत्तर देणार नाही. अब्दुल्लाह नावाचे बादशहा झाले, व्यापारी झाले आणि त्यांनी माणसे विकत घेतली, शतकानुशतके घेतली. नावाने माणूस सुधारत नाही हे खरे. पण जो स्वतःला अल्लाहचा बंदा म्हणवतो आणि दुसऱ्या माणसाला आपला बंदा समजतो, त्याला त्याचे स्वतःचे नावच खोटे पाडते. त्याच्याविरुद्धचा साक्षीदार त्याच्या नावातच बसलेला आहे. असे नाव टाकून देण्यापेक्षा त्याला जाब विचारायला वापरावे. आज घरकामाच्या मुलीला उष्टे वाढणाऱ्या आमच्या एखाद्या हाजीसाहेबांचे नाव अब्दुर्रहीम असेल, तर त्यांना ते पूर्ण उच्चारून दाखवावे, अर्थासकट.

दुसरा आक्षेप धार्मिक मंडळींचा. सहा हिजरीत, म्हणजे इ.स. 628 मध्ये, हुदैबियाच्या तहाच्या वेळी सुहैल इब्ने अम्रने 'रहमान' शब्दाला हरकत घेतली. पैगंबरांनी (स.) तो शब्द बदलू दिला. 'अल्लाहचे रसूल' हे शब्दही काढू दिले. मग आपण एका स्पेलिंगसाठी का भांडावे? उत्तर सोपे आहे. पैगंबरांनी (स.) जे सोडले ते समजून सोडले आणि त्याच्या बदल्यात शांतता घेतली. शिवाय खोडलेल्या शब्दांच्या जागी जे लिहिले गेले ते 'मुहंमद इब्ने अब्दुल्लाह', तेही खरे आणि पूर्ण नावच होते. आपण काय सोडतो आहोत हे आपल्याला माहीतच नाही आणि बदल्यात मिळते काय, तर सहा खेपा आणि एक टोमणा. ही तडजोड नाही, ही बेफिकिरी आहे.

आणि मुलींचे काय, असे कोणी विचारील तर तेही सांगते. अब्दचे स्त्रीरूप 'अमत'. अमतुल्लाह, अमतुर्रहमान, अमतुस्सलाम. 1946-47 च्या पेटलेल्या नोआखालीत हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी उपोषणाला बसलेल्या गांधीजींच्या सहकारी बीबी अमतुस्सलाम याच परंपरेतल्या. आपल्याकडे ही नावे फार थोडी उरली. मुलीने कोणाच्या तरी मर्जीतच राहायचे, असे ठरवलेल्या समाजाला 'मी फक्त अल्लाहची बंदी' असे सांगणारे नाव बहुधा परवडत नसावे.

तेव्हा करायचे काय? मोर्चा काढायची गरज नाही. जन्माची नोंद करताना आणि शाळेत पहिलीला नाव घालताना पूर्ण नाव एकाच रकान्यात, जोडून लिहावे. अब्दुर्रहमान, अब्दुल्करीम, अब्दुस्सलाम. इंग्रजीतही मध्ये जागा न सोडता. आधार, बँक, दाखला, तिन्ही ठिकाणी एकच स्पेलिंग ठेवावे आणि पहिलीतच तपासून घ्यावे, दहावीचा फॉर्म येईपर्यंत थांबू नये, कारण शाळा सोडल्यावर दुरुस्ती करणे फार जिकिरीचे होते. ज्यांचे कागद आधीच 'अब्दुल' म्हणून झाले आहेत त्यांनी ते उगाच हलवू नयेत, पण हाक तरी पुरी मारावी. हाकेला प्रतिज्ञापत्र लागत नाही. मराठी लेखकांनी आणि संपादकांनीही एवढे करावे की, आपल्या कथेतल्या अब्दुलला त्याचे उरलेले नाव द्यावे. मुस्लिम मराठी साहित्यिकांनी तर नक्कीच. आपल्या कथांतही नोकर अब्दुल आणि मालक देशमुख असेच असेल, तर दुसऱ्यांना बोलायला आपल्याला तोंड नाही.

कुरआनात सूरे फुरकानमध्ये 'इबादुर्रहमान' कसे असतात ते सांगितले आहे. अब्दुर्रहमान या नावाचे ते जणू अनेकवचनच. ते जमिनीवर नम्रपणे चालतात आणि अडाणी माणसे त्यांना काही बोलली तर ते सलाम म्हणतात, असा त्याचा आशय. टोमणा मारणाऱ्याला सलाम म्हणायला माझी हरकत नाही. मात्र सलाम म्हणणाऱ्याला आपण कोण आहोत हे ठाऊक असले पाहिजे.

त्या ऑफ तासानंतर मी हजेरी बदलली. आता अब्दुर्रज्जाक, अब्दुल्कादिर, अब्दुस्समद असे पुरे पुकारते. हजेरीला दोन मिनिटे जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात मुले एकमेकांकडे बघून हसली. नंतर एकाने जागेवरून उठून मला सुधारले, "टीचर, 'द'वर शद्दा नाही." मी चूक मान्य केली आणि त्याचे नाव पुन्हा, नीट घेतले. तो 'हाजिर' म्हणाला.